त्रुटिसंदेश गाळणे (कमांड लाइनवरील शोध)

कमांड लाइनवर फाइल किंवा मजकूर शोधताना आउटपुटात मिसळणारे त्रुटिसंदेश वेगळे काढण्याची, दुसरीकडे वळवण्याची किंवा ते मुळात उद्भवूच न देण्याची रीत. युनिक्स आणि तिच्या परंपरेतील लिनक्स, बीएसडी, मॅकओएस या प्रणालींवर फाइंड (फाइल शोधणारी) आणि ग्रेप (मजकूर शोधणारी) या दोन आज्ञांच्या संदर्भात ती विशेष रूढ आहे. साध्या वापरकर्त्याने मूळ निर्देशिकेपासून (फोल्डरपासून, /) शोध सुरू केला की वाचण्याची परवानगी नसलेल्या प्रत्येक निर्देशिकेमागे ‘परमिशन डिनाइड’ अशी एक ओळ येते आणि हव्या त्या एक-दोन ओळी त्या गर्दीत दिसेनाशा होतात. आज्ञेच्या शेवटी ‘२>/डेव्ह/नल’ जोडणे हा त्यावरचा सर्वपरिचित उपाय होय. या उपायाच्या मुळाशी मानक त्रुटिप्रवाह (त्रुटिसंदेशांसाठी राखलेला वेगळा मार्ग) ही कल्पना असून तिच्या उगमाविषयी एकाहून अधिक हकिकती प्रचलित आहेत.

उगम : बेल लॅब्जमधील सुरुवातीच्या युनिक्समध्ये प्रत्येक आज्ञेला दोनच ठरलेले प्रवाह होते : क्रमांक ० चे मानक इनपुट आणि क्रमांक १ चे मानक आउटपुट. उत्तर असो वा तक्रार, दोन्ही क्रमांक १ वरूनच बाहेर पडत. आउटपुट फाइलमध्ये वळवले की तक्रारही त्या फाइलमध्ये जाई आणि पडद्यासमोर बसलेल्याला काही बिघडल्याचा पत्ता लागत नसे. ही गैरसोय काही काळ खपवून घेतली गेली. १९७३ च्या सुरुवातीला डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन टॉम्पसन यांनी पाइपची, म्हणजे एका आज्ञेचे आउटपुट थेट दुसरीचे इनपुट करण्याची, सोय केली, तेव्हा मात्र या गैरसोयीचे स्वरूप पालटले. कारण आता एका आज्ञेचा त्रुटिसंदेश पुढच्या आज्ञेच्या हाती खरी माहिती म्हणून पडू लागला. शब्द मोजणारी आज्ञा त्रुटिसंदेशातले शब्दही इमानेइतबारे मोजून देई.

मॅकिलरॉय यांनी संशोधन-युनिक्सच्या पुस्तिकांचा आढावा घेताना या घडामोडीची जी संगती लावली आहे, ती अशी : दोन प्रवाहांच्या प्रतिमानातला साधेपणा मोडायला कोणी राजी नव्हते, म्हणून युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत (१९७५) लोकांनी हा प्रकार सोसला, त्यानंतर लवकरच डेनिस रिची यांनी तिसरा, क्रमांक २ चा प्रवाह आणून प्रश्न सोडवला. दुसरी हकिकत स्टीफन जॉन्सन यांची आहे. याक आणि लिंट या साधनांचे कर्ते असलेल्या जॉन्सन यांनी ती कित्येक वर्षांनी सांगितली. त्या वेळी प्रयोगशाळेत फोटोटाइपसेटर (प्रकाशाने कागदावर अक्षरे जुळवणारे यंत्र) आला होता. त्यातून निघालेली कागदाची लांब पट्टी उग्र वासाच्या विकसन-यंत्रात घालावी लागे आणि काही मिनिटांनी अक्षरे उमटत. एका दुपारी अनेकांच्या हाती आली ती सुबक टंकाक्षरांत जुळवलेली एकच ओळ : अमुक फाइल उघडता येत नाही. योग्य माणसांच्या कानी पडेल इतपत मोठ्याने कुरकुर झाली आणि दोन-एक दिवसांत त्रुटिप्रवाह जन्माला आला, असे जॉन्सन म्हणतात.

या दोन कथनांत विरोध मानण्याचे कारण दिसत नाही. पाइपमुळे निर्माण झालेली अडचण रचनेतच होती आणि ती सर्वांना जाणवत होती. टाइपसेटरचा प्रसंग हे तात्कालिक निमित्त ठरले असावे. तथापि जॉन्सन यांची हकिकत स्मरणावर आधारलेली आणि तिथीविना आहे, त्यामुळे कालनिश्चितीसाठी मॅकिलरॉय यांच्या विवेचनावर अधिक भिस्त ठेवणे इष्ट. ‘सहाव्या आवृत्तीनंतर लवकरच’ हे त्यांचे वाक्यही जरा सैल धरावे लागते. सहाव्या आवृत्तीतील शेलच्या (टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या कार्यक्रमाच्या) स्रोतसंहितेत शेल आपले स्वतःचे संदेश क्रमांक २ वरच लिहितो. म्हणजे क्रमांकाचा वापर शेलपुरता आधी सुरू झाला आणि सर्व आज्ञांनी पाळायचा संकेत म्हणून तो नंतर स्थिरावला, असा क्रम संभवतो. सातव्या आवृत्तीत (१९७९) मात्र चित्र स्पष्ट आहे. तिच्यातील सी भाषेच्या प्रमाण आदानप्रदान ग्रंथालयात ‘एसटीडीएरर’ हा तिसरा प्रवाह नावानिशी आहे आणि स्टीफन बोर्न यांच्या नव्या शेलमध्ये ‘२>’ हे लेखन आहे. टॉम्पसन यांच्या आधीच्या शेलमध्ये क्रमांक २ वेगळा वळवण्याची सोयच नव्हती. त्यामुळे आज ज्याला त्रुटिसंदेश गाळणे म्हणतात त्याचा खरा आरंभ बोर्न शेलपासून धरावा.

त्रुटींसाठी स्वतंत्र प्रवाह ही कल्पना युनिक्सचीच, असेही म्हणता येत नाही. मल्टिक्स प्रणालीत ‘एरर_आउटपुट’ नावाचा वेगळा मार्ग होता, आणि युनिक्सचे कर्ते १९६९ पर्यंत त्याच प्रकल्पात काम करत होते. थेट उसनवारीचा दावा मात्र मॅकिलरॉय किंवा जॉन्सन यांच्या कथनांतून निघत नाही. त्रुटिप्रवाह आल्यावरही एक उणीव राहिली. पाइपने जोडलेल्या चार आज्ञांपैकी तक्रार कोणाची, हे कळायला हवे, म्हणून संदेशाच्या आरंभी आज्ञेचे नाव लिहिण्याचा प्रघात पडला. ‘फाइंड:’ किंवा ‘ग्रेप:’ ने सुरू होणारी ओळ ही त्याचीच खूण.

यंत्रणा : पाइपचे चिन्ह (|) फक्त क्रमांक १ पुढच्या आज्ञेला जोडते, क्रमांक २ पडद्याकडेच राहतो. त्यामुळे फाइंडच्या पुढे पाइप देऊन ‘ग्रेप -व्ही’ ने त्रुटिसंदेश वगळू पाहणाऱ्याच्या पदरी निराशा येते, कारण ते संदेश त्या ग्रेपपर्यंत पोचतच नाहीत. त्यासाठी आधी ‘२>&१’ लिहून दोन्ही प्रवाह एकत्र करावे लागतात. बॅश या शेलच्या चौथ्या आवृत्तीपासून ‘|&’ हे त्याचे संक्षिप्त रूप मिळते. वळवण्याच्या सूचना डावीकडून उजवीकडे अमलात येतात आणि ‘२>&१’ चा अर्थ ‘क्रमांक १ या क्षणी जिकडे जातो आहे तिकडे क्रमांक २ पाठवा’ एवढाच असतो. म्हणून ‘>फाइल २>&१’ ने दोन्ही प्रवाह फाइलमध्ये जातात, तर ‘२>&१ >फाइल’ ने त्रुटिसंदेश पडद्यावर राहतात आणि केवळ आउटपुट फाइलमध्ये जाते. शेल शिकणाऱ्यांचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो.

प्रवाह एकत्र करून मग गाळण्यात दोन धोके आहेत. एखाद्या फाइलच्या नावात किंवा ग्रेपला सापडलेल्या ओळीतच ‘परमिशन डिनाइड’ हे शब्द असतील, तर खरे उत्तरही वगळले जाते. सर्व्हरच्या नोंदवह्या चाळताना हे सहज घडते. शिवाय आउटपुट पाइपमध्ये जाताना साठवून गठ्ठ्याने लिहिले जाते, त्रुटिसंदेश मात्र तत्काळ लिहिले जातात. त्यामुळे एकत्र प्रवाहातला क्रम घडलेल्या क्रमाशी जुळेलच असे नाही. केवळ त्रुटिप्रवाहच चाळणीतून काढायचा असेल, तर क्रमांक ३ मधल्या जागेसारखा वापरून १ आणि २ यांची अदलाबदल (‘३>&१ १>&२ २>&३’) करतात, किंवा बॅश, कॉर्न व झेड शेलमधील प्रक्रिया-प्रतिस्थापन ‘२> >(…)’ वापरतात. दुसऱ्या पद्धतीत चाळणी स्वतंत्रपणे चालत असल्याने कधीकधी शेलचा प्रॉम्प्ट आधी आणि उरलेले संदेश मागाहून येतात.

‘/डेव्ह/नल’ ही शून्य उपकरण-फाइल आहे. तिच्यात लिहिलेले सर्व टाकून दिले जाते आणि लिहिणाऱ्याला लेखन यशस्वी झाल्याचेच कळते. वाचू गेल्यास लगेच फाइल संपल्याचे उत्तर मिळते. काही जण तिच्याऐवजी ‘२>&-’ लिहून क्रमांक २ बंदच करतात. ती सवय घातक आहे. बंद झालेला क्रमांक रिकामा होतो, आज्ञेने पुढे उघडलेल्या फाइलला तोच क्रमांक मिळू शकतो आणि मग त्रुटिसंदेश त्या फाइलच्या मजकुरात घुसतात. ‘२>/डेव्ह/नल’ लाही एक वेगळी मर्यादा आहे : बॅशमध्ये आज्ञेचे नावच चुकीचे टाइप झाले, तरी ‘कमांड नॉट फाउंड’ हा संदेश त्याच वाटेने नाहीसा होतो. शोध लागला नाही की शोध झालाच नाही, हे मग निर्गमसंकेत (आज्ञा संपताना शेलला मिळणारा आकडा, येथे १२७) पाहिल्यावाचून कळत नाही.

फाइंडमधील उपाय : संदेश निर्माण झाल्यावर तो गाळण्यापेक्षा न उघडणाऱ्या निर्देशिकांत शिरूच नये, हा मार्ग तत्त्वतः सरस आहे. फाइंडच्या ग्नू प्रकल्पातील रूपात (ग्नू फाइंडमध्ये) ‘! -रीडेबल -प्रून’ अशी अट (वाचता येत नसेल तर आत शिरू नये) घालून तो साधतात. ती अट तशीच लिहिली तर वाचता न येणाऱ्या साध्या फाइलही उत्तरातून गळतात, त्यांची नावे खरे तर हवी असूनही. म्हणून आधी ‘-टाइप डी’ लावून अट निर्देशिकांपुरती करावी. निर्देशिकेतील नावे वाचायला वाचनाची आणि आतील फाइलपर्यंत पोचायला प्रवेशाची (एक्झिक्यूट) परवानगी लागते. वाचनाची आहे पण प्रवेशाची नाही, अशी निर्देशिका केवळ ‘-रीडेबल’ च्या कसोटीत उतरते आणि पुढे संदेश देतेच. तिच्यासाठी ‘-एक्झिक्यूटेबल’ ही कसोटीही जोडावी लागते. एनएफएसवरून (नेटवर्कवरून) जोडलेल्या फाइलप्रणालींत वापरकर्ता-क्रमांकांचे रूपांतर सर्व्हरवर होत असेल, तर या दोन्ही कसोट्या फसू शकतात. लिनक्सच्या ‘/प्रॉक’ या चालू प्रक्रियांची माहिती देणाऱ्या निर्देशिकेत शोध चालू असतानाच प्रक्रिया संपतात आणि त्यांच्या निर्देशिका नाहीशा होतात. तेथील ‘नो सच फाइल’ या संदेशांचा परवानगीशी संबंध नसतो. त्यासाठी ‘-इग्नोर_रीडडिर_रेस’ हा पर्याय आहे, पण सहसा ‘/प्रॉक’ आधीच वगळतात.

आज्ञा सुपरयूझर (रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवली की संदेश थांबतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. लिनक्सवर एखाद्या वापरकर्त्याने फ्यूजद्वारे (सामान्य वापरकर्त्यालाही फाइलप्रणाली जोडू देणाऱ्या यंत्रणेद्वारे) जोडलेली फाइलप्रणाली रूटलाही परवानगी नाकारू शकते; जीनोम डेस्कटॉपची ‘जीव्हीएफएस’ निर्देशिका हे त्याचे नेहमी भेटणारे उदाहरण. मॅकओएसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत संरक्षित जागी ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असा निराळाच संदेश येतो, आणि ‘परमिशन डिनाइड’ शोधणारी चाळणी त्याला जाऊ देते. संदेशाच्या शब्दांवर विसंबणाऱ्या प्रत्येक चाळणीची हीच अडचण आहे. ग्नू आज्ञांचे संदेश वापरकर्त्याच्या लोकॅलप्रमाणे (निवडलेल्या भाषा-प्रदेशाप्रमाणे), अनुवाद उपलब्ध असल्यास, त्या भाषेत दिसतात; म्हणून स्क्रिप्टमध्ये (आज्ञा लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये) चाळणीआधी ‘एलसी_ऑल=सी’ ठेवून संदेश इंग्रजीत स्थिर करतात.

ग्रेप आणि ‘-एस’ : ग्रेपला स्वतःचा मौन-पर्याय आहे. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकानुसार ‘-एस’ मुळे अस्तित्वात नसलेल्या किंवा वाचता न येणाऱ्या फाइलींविषयीचे संदेश दाबले जातात, इतर त्रुटी दिसत राहतात. त्या दृष्टीने तो ‘२>/डेव्ह/नल’ पेक्षा नेमका आहे. त्याचा इतिहास मात्र सरळ नाही. सातव्या आवृत्तीच्या ग्रेपमध्ये ‘-क्यू’ नव्हता आणि ‘-एस’ चा अर्थ आजच्या ‘-क्यू’ सारखा, म्हणजे काहीच न छापता केवळ निर्गमसंकेत देणे, असा होता. एटी अँड टीच्या यूएसजी (युनिक्स सपोर्ट ग्रुप) शाखेत त्याने आजचा अर्थ घेतला. त्यामुळे ग्नूच्या पुस्तिकेने सर्वत्र चालायला हव्या अशा स्क्रिप्टमध्ये दोन्ही पर्याय टाळून वळवणेच वापरण्याचा सल्ला दिला. आज जुन्या प्रणाली विरळ झाल्या असल्या तरी स्थापन-स्क्रिप्टमध्ये तो अजून पाळलेला दिसतो. द्विमान (बायनरी, म्हणजे साधा मजकूर नसलेली) फाइल जुळल्याची सूचना आधी मानक आउटपुटवर येई. २०२० मधील ग्नू ग्रेप ३.५ पासून ती त्रुटिप्रवाहावर येते. परिणामी, पूर्वी पाइपमध्ये दिसणारी ती ओळ आता ‘२>/डेव्ह/नल’ ने मुकाट जाते.

संदेश दाबल्याने त्रुटी मिटत नाही. ती निर्गमसंकेतात राहते. ग्रेप जुळणी सापडल्यास ०, न सापडल्यास १ आणि त्रुटी घडल्यास २ देतो. ग्नू फाइंड एखादी निर्देशिका वाचता आली नाही तरी शून्येतर संकेत देतो, मग हवी ती फाइल सापडलेली असो. ‘सेट -ई’ (त्रुटी आली की थांबण्याची सूचना) असलेली स्क्रिप्ट मधेच थांबते आणि पडद्यावर कारण दिसत नाही, याचे मूळ पुष्कळदा इथे सापडते. पाइपलाइनमध्ये उलट घडते : ‘पाइपफेल’ हा शेलचा पर्याय लावला नसेल तर शेवटच्या आज्ञेचाच संकेत उरतो. स्वयंचलित कामांत त्रुटी शून्य उपकरणाऐवजी एखाद्या फाइलमध्ये ठेवणे केव्हाही शहाणपणाचे.

इतर शेल व साधने : बिल जॉय यांच्या सी शेलमध्ये क्रमांक २ एकटा वळवता येत नाही; ‘>&’ दोन्ही प्रवाह नेते. तेथे आतील आज्ञेचे आउटपुट कंसात ‘/डेव्ह/टीटीवाय’ (वापरकर्त्याचा पडदा) कडे देऊन बाहेरचे सारे शून्य उपकरणात टाकण्याची द्राविडी प्राणायामाची युक्ती रूढ होती. बेल लॅब्जच्या प्लॅन ९ या प्रणालीतील आरसी शेलमध्ये ‘>[२]’ असे लेखन आहे. अलीकडच्या साधनांपैकी ‘एफडी’ शोधातील परवानगीचे संदेश आपणहून दाखवत नाही, ते हवे असल्यास ‘--शो-एरर्स’ द्यावे लागते. रिपग्रेपमध्ये ‘--नो-मेसेजेस’ आहे, आणि त्याचा ‘-एस’ मात्र अक्षरांचा लहानमोठेपणा पाळण्यासाठी राखलेला आहे.

विंडोज एनटीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘२>नल’ चालते. एमएस-डॉसच्या मूळ शेलमध्ये ते नव्हते. पॉवरशेलमध्ये त्रुटी या मजकुराच्या ओळी नसून वस्तू असतात. त्या ‘-एररॲक्शन’ ने दाबता येतात आणि ‘-एररव्हेरिएबल’ ने एका चलात साठवून मागाहून प्रकारानुसार निवडता येतात.