लंडनचं धुरकं आणि लॉस एंजेलिसचं धुरकं

हवा गढूळ दिसली, डोळे चुरचुरले की आपण सरसकट ‘धुरकं’ म्हणून मोकळे होतो. पण लंडनचं आणि लॉस एंजेलिसचं धुरकं रसायनाच्या हिशेबाने जवळजवळ उलटी आहेत: एक क्षपणकारक (दुसऱ्याकडचा ऑक्सिजन ओढून घेणारं), दुसरं ऑक्सिडीकारक (दुसऱ्याला ऑक्सिजन देणारं).

लंडनचं समजायला सोपं. ५ ते ९ डिसेंबर १९५२. थंड, दमट, वारा पडलेला, वर उबदार हवेचं झाकण आणि घरोघरी कोळशाच्या शेगड्या. काजळी आणि सल्फर डायऑक्साइड खालीच कोंडले. वायू धुक्याच्या थेंबांत विरघळला आणि त्याचं सल्फ्युरिक आम्ल झालं. बळींचा सरकारी आकडा सुमारे ४,०००. नंतरच्या अभ्यासांनी तो १२,०००च्या घरात नेला. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला, धुराच्या कोळशावर बंधनं आली. जे धुराड्यातून निघतं तेच, किंवा त्याचंच आम्ल, छातीत जातं, त्यामुळे इलाजही सरळ होता.

लॉस एंजेलिसमध्ये हे गणित चाललं नाही. जुलै १९४३ मध्ये ऐन उन्हात शहरावर झाकोळ आला. युद्धकाळ असल्याने शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका आली. एका रासायनिक कारखान्यावर ठपका ठेवला गेला, पण तो बंद करूनही झाकोळ हटला नाही. पुढे सल्फरवर नियंत्रण आणलं, तरीही नाही. उलगडा केला रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी. त्याआधी हा माणूस अननसाच्या स्वादाचं रसायन तपासत होता! त्या शहरात रबराला लवकर चिरा पडत. ती ओझोनची, म्हणजे तीन अणूंच्या ऑक्सिजनची, खूण. आणि ओझोन तर कुठल्याच नळकांड्यातून बाहेर पडत नव्हता.

तो हवेतच तयार होत होता. गाड्यांतून नायट्रिक ऑक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन (इंधनातली कार्बन-हायड्रोजनची संयुगं) बाहेर पडतात. नायट्रिक ऑक्साइडचा तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड होतो, ऊन त्याचा एक ऑक्सिजन अणू तोडतं, आणि तो साध्या ऑक्सिजनला जोडला गेला की ओझोन. इथवर काळजी नाही, कारण उरलेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन खाऊन पुन्हा डायऑक्साइड होतो, जमा-खर्च शून्य. खरी गोम हायड्रोकार्बनमध्ये आहे. हायड्रॉक्सिल मूलक (मूलक म्हणजे कशाशीही चटकन अभिक्रिया करणारा रेणूचा तुकडा) त्यांच्यावर हल्ला करतो, पेरॉक्सी मूलक तयार होतात, आणि ते ओझोनला हात न लावता नायट्रिक ऑक्साइडचं डायऑक्साइड करून टाकतात. ओझोन खाणारा कमी झाला, बनवणारा वाढला. म्हणून साठा दुपारी चढतो. जोडीला पेरॉक्सीॲसिटिल नायट्रेट बनतं, डोळ्यांतून पाणी काढणाऱ्यांपैकी एक.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. ज्या शहरात नायट्रोजनची ऑक्साइडं भरपूर आणि हायड्रोकार्बन तुलनेने कमी, तिथे फक्त ऑक्साइडं थोडी घटवली तर ओझोन वाढूही शकतो. लॉस एंजेलिसच्या परिसरात शनिवार-रविवारी ट्रक कमी असूनही ओझोन जास्त भरायचा, तो मुख्यतः याच कारणाने. म्हणून ‘गाड्या कमी, ओझोन कमी’ हे समीकरण मला अर्धवट वाटतं. आधी हवेत कोण किती आहे ते मोजावं लागतं, आणि कपातही मोठी लागते.

शिवाय मोजायचं कुठे, हाही प्रश्न असतोच. भर रहदारीच्या चौकात ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोन गिळत असतो, त्यामुळे तिथला आकडा बरा दिसतो. वारा ते मिश्रण पुढे नेतो आणि ओझोन वाटेत चढत जातो. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, सॅन बर्नार्डिनो डोंगरांतल्या पाइन वृक्षांच्या सुया याच ओझोनने पिवळ्या पडल्या.