पेटीतलं बाळ आणि आईची छाती

‘बाळ दीड किलोचं आहे, आधी पेटीत स्थिर होऊ दे, मग आईजवळ द्या.’ आजीपासून नर्सपर्यंत सगळे हेच सांगत आले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा क्रमच उलटवला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया इथली १ ते १.८ किलोची ३,२११ बाळं. टोपी-लंगोट घालून जन्मापासूनच आईच्या उघड्या छातीशी बांधलेल्या गटात २८ दिवसांत १२ टक्के दगावली. आधी स्थिर होऊ दिलेल्यांत १५.७. फरक इतका की अभ्यास मुदतीआधी थांबवला. अर्थात आई-बाळ होते नवजात अतिदक्षता विभागातच, बाळासाठी सलाईन-ऑक्सिजनची सोय हाताशी. घरी बांधून ठेवायचा हा उपाय नव्हे. आपणहून श्वास न घेणारी बाळं अभ्यासात नव्हती.