वारसा-संशोधनाची फेलोशिप आणि परवानग्या: नाशिकच्या अर्जदारांचं नेमकं कुठे अडतं

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या ज्युनिअर आणि सीनिअर फेलोशिपची जाहिरात आली की नाशिकमधून चांगले चांगले विषय जातात. लेण्यांमधलं पाणी, वाड्यांच्या भिंतींवरचे रंग, येवल्याच्या जुन्या पैठणीतली जर. विषयात खोट नसते. अर्ज पडतात ते कागदांवर, आणि अर्ज टिकला तर काम पडतं परवानगीवर. म्हणून नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात सांगते आणि जिथे माणसं अडकतात तिथे थांबते.

ज्युनिअर फेलोशिप 25 ते 40 वयोगटासाठी, महिना 10,000 रुपये. सीनिअर चाळिशीपुढच्यांसाठी, महिना 20,000. मुदत दोन वर्षं. अर्ज सीसीआरटीच्या, म्हणजे मंत्रालयाच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राच्या, संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. पदवी, जन्मतारखेचा पुरावा, बँकेचा तपशील आणि आधीच्या कामाचे पुरावे एवढं हाताशी असलं की भरणं अवघड नाही. दहा हजारांत त्र्यंबकच्या बसभाड्याचं, झेरॉक्सचं आणि चहाचं भागतं, प्रयोगशाळेचं बिल भागत नाही. ते आधीच लक्षात घेऊन कामाचा आवाका ठरवा.

पहिली फसगत वयाची. वय अर्ज भरायच्या दिवशी मोजत नाहीत, जाहिरातीत छापलेल्या तारखेला मोजतात. त्यात जाहिरात ज्या बॅच-वर्षाची असते ते चालू वर्ष असेलच असं नाही, मागच्या बॅचची जाहिरात उशिरा निघते. आज एकेचाळीस वर्षांच्या बाई सरळ सीनिअरला अर्ज करतात, छापलेल्या तारखेला त्या एकोणचाळीसच्या असतात, अर्ज बाद. शेवटची तारीख सगळे दहा वेळा बघतात. वयाची तारीख दोन परिच्छेद खाली असते, ती कोणी वाचत नाही.

दुसरी फसगत क्षेत्राची. आपलं काम तीन विद्याशाखांत पसरलेलं असतं: चुन्याचं रसायन, चित्रकाराची नजर आणि गवंड्याच्या हातातलं ज्ञान. अर्जात मात्र तुमचं एक क्षेत्र ठरलेलं लागतं. या योजनेत नाच, गाणं, नाटक, चित्रकलेबरोबर ‘संस्कृतीशी संबंधित नवी क्षेत्रं’ असा गट आहे. त्यात पुराभिलेखविद्या (म्हणजे जुन्या कोरीव लेखांचा अभ्यास), नाणकशास्त्र, स्मारकांच्या बांधकामाची अभियांत्रिकी बाजू, संवर्धनाची शास्त्रीय आणि तांत्रिक बाजू, वारशाचं व्यवस्थापन असे विषय येतात. चित्रकलेची पदवी आहे म्हणून डोळे झाकून चित्रकलेत अर्ज टाकू नका. तिथले तज्ज्ञ तुमची चित्रं बघतील आणि रंगद्रव्यांच्या तपासणीचं काय करायचं ते त्यांना कळणार नाही. मुख्य प्रश्न ज्या क्षेत्राचा, ते क्षेत्र निवडा, बाकीच्या शाखा पद्धतीच्या परिच्छेदात मांडा. आणि प्रस्तावात ‘कार्यशाळा घेणार’, ‘शिबिर भरवणार’ असं उत्साहाने लिहू नका. ही फेलोशिप संशोधनासाठी आहे. प्रशिक्षण, कार्यशाळा, परिसंवाद, आत्मचरित्र, कथा-कादंबरी यांना ती नाही, हे नियमांत स्पष्ट आहे.

आता परवानगी. अर्जाच्या वेळी ती कोणी मागो न मागो, फेलोशिपचे पैसे सहामाही हप्त्यांनी, अहवाल पाहून मिळतात. लेण्यात पायच ठेवता आला नाही तर अहवालात लिहिणार काय?

नाशिकमध्ये गोंधळ होतो तो मालकीमुळे. पांडवलेणी, त्र्यंबकेश्वराचं मंदिर, सिन्नरचं गोंदेश्वर, झोडग्याचं माणकेश्वर ही केंद्राची, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारकं. त्यांचा पत्रव्यवहार छत्रपती संभाजीनगर मंडळाच्या अधीक्षक पुरातत्त्वविदांशी. सरकारवाडा, सुंदरनारायण मंदिर ही राज्य संरक्षित, तिथे 1960 चा महाराष्ट्राचा कायदा आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचं नाशिक विभागाचं कार्यालय. बाकी असंख्य मंदिरं विश्वस्तांची आणि वाडे खासगी. चुकीच्या कार्यालयात दिलेलं पत्र कोणी परत पाठवत नाही. ते तिथेच एखाद्या फायलीत पडून राहतं आणि तुम्हाला वाटतं विचार चालू आहे. म्हणून आधी स्मारकाच्या दारातली पाटी वाचा, कोणत्या कायद्याचं नाव आहे ते वहीत उतरवा, मगच पत्र लिहा.

केंद्राच्या स्मारकात नुसतं बघायला, हाताने रेखाटायला, साध्या कॅमेऱ्याने फोटो काढायला अडचण नसते. अडचण पुढे सुरू होते. केंद्राच्या स्मारकांसाठीचे 1959 चे नियम जुन्या काळातले, त्यांत आठ मिलिमीटर फिल्मच्या हातकॅमेऱ्याची भाषा आहे. पण मुद्दे पक्के आहेत: कॅमेऱ्याचा स्टँड, स्टूल, खुर्ची, टेबल, मोठा ड्रॉइंग बोर्ड, इझल आत न्यायचं तर लेखी परवानगी. परांची बांधायची, फ्लॅशखेरीज दुसरा कृत्रिम दिवा लावायचा, दगडाला पाणी, तेल किंवा साच्याचं द्रव्य लावायचं, थेट ट्रेसिंग किंवा ठसा (कोरीव लेखावर कागद दाबून घेतलेली नक्कल) घ्यायचा तरी लेखी परवानगी. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून गेलेल्या कलाशाखेच्या मुलांना दारातला चौकीदार अडवतो तो या यादीमुळे. खांद्याला इझल अडकवलेलं असतं, हातात कॉलेजचं ‘सहकार्य करावे’ असं पत्र असतं. ते पत्र म्हणजे परवानगी नव्हे. चौकीदाराशी वाद घालून काही होत नाही, त्याला परवानगी द्यायचा अधिकारच नाही. चित्रीकरणाचा परवाना आणखी वेगळा: ठरलेल्या तारखेच्या किमान तीन महिने आधी, ठरावीक नमुन्यात अर्ज. तीन महिने ही परवान्याची मुदत नव्हे, अर्ज करायची वेळ आहे. हे उलटं वाचणारे दरवर्षी भेटतात.

ठशांबद्दल एक सांगायलाच हवं. पांडवलेण्यांतले ब्राह्मी लेख, गौतमी बलश्रीचा असो की उषवदाताचे, फ्रेंच अभ्यासक सेनार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच एपिग्राफिया इंडिका या कोरीव लेखांच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात छापले. अधिकारी विचारणारच, छापलेले असताना नवा ठसा कशाला? याचं उत्तर अर्जात तयार हवं: कोणती ओळ, तिच्यावर झीज किती, कोणत्या अक्षराचं वाचन वादात आहे. ‘अधिक अभ्यासासाठी’ हे उत्तर नाही. बाजूने प्रकाश टाकून घेतलेल्या फोटोने काम भागणार असेल तर तेवढंच मागा. दिव्याला परवानगी मिळवणं ठशापेक्षा सोपं.

नमुने घेणं हा त्याहून नाजूक मामला. गिलावा, चुना, रंगाचा कण कोणी सहज देत नाही आणि देऊही नये. केंद्राच्या संरक्षित स्मारकाला इजा केली तर स्मारक कायद्याच्या 2010 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘खाली पडलेला तुकडा होता’ ही सबब सांगू नका. पडलेला तुकडाही विचारून, जागा नोंदवून, फोटो काढून, मगच उचलायचा. अर्जात आधी दगडाला स्पर्श न करणाऱ्या तपासण्या लिहा, नमुना शेवटी, तोही मिलिग्रॅममध्ये किती आणि कोणत्या प्रयोगशाळेत जाणार ते सांगून. सर्वेक्षणाची स्वतःची विज्ञान शाखा आहे, तिचं मुख्यालय देहरादूनला. तिच्याकडे अभिप्रायाला कागद जाणार असं धरूनच वेळेचा हिशोब करा.

विश्वस्तांच्या मंदिरात वेगळाच पेच. पुजारी गोड माणूस असतो, ‘या हो, काय पाहिजे ते काढा’ म्हणतो, आणि तुम्ही त्याची सही घेऊन येता. ती चालत नाही. विश्वस्त मंडळाचा ठराव लागतो, तारीख आणि ठराव क्रमांकासह. विश्वस्त कोण हे धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर बघावं लागतं, आणि तिथे कित्येकदा दिवंगत माणसांची नावं असतात, कारण नवे विश्वस्त नोंदवण्याचे बदल अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित. अशा वेळी आज कारभार पाहणाऱ्यांचा ठराव घ्या, त्याला उतारा जोडा आणि बदल अर्जाचा क्रमांक ठरावातच लिहून घ्या. लपवलं की संशय येतो.

वाड्यांचं तर विचारूच नका. पंचवटीत, जुन्या नाशकात प्रॉपर्टी कार्डावर पणजोबांचं नाव, वारस नोंद झालेली नाही, एक भाऊ पुण्यात, एक अमेरिकेत, खालच्या मजल्यावर जुना भाडेकरू. मालकीचा निकाल लागेपर्यंत थांबलात तर भिंत पडेल. अभ्यासासाठी मालकी सिद्ध करावी लागत नाही, संमती लागते. राहणाऱ्यांची आणि जितक्या सहहिस्सेदारांची मिळेल तितक्यांची सही घ्या. संमतीपत्रात स्वच्छ लिहा की यातून कोणाचाही मालकी हक्क ठरत नाही. हे एक वाक्य नसेल तर काकांना वाटतं पुतण्याने काहीतरी डाव टाकलाय, आणि दुसऱ्या दिवशी दार बंद.

घरातल्या वस्तूंचीही तीच भीती. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं. दगडी-धातूच्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या यांची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करायची असते. ती बहुतेक घरांत झालेली नसते, कारण ‘सरकार उचलून नेईल’. नोंदणीने मालकी जात नाही, हस्तांतर झालं तर कळवावं लागतं इतकंच. तरीही तुम्ही कोणावर जबरदस्ती करू नका. प्रस्तावात तो संग्रह मुख्य आधार असेल तर मात्र नोंदणी आधी करून घ्या. आणि परदेशातल्या ओळखीच्या प्रयोगशाळेत पोथीचं पान ‘फक्त तपासायला’ पाठवायची कल्पना डोक्यातून काढून टाका. खासगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही.

प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. एका मुलीला एका कार्यालयात सांगितलं, ‘ठेवून जा, साहेब दौऱ्यावर आहेत.’ ती ठेवून आली. पुढच्या वेळी त्या टेबलावर दुसरा माणूस होता आणि पत्र नव्हतं. क्रमांक असता तर शोधायला लावता आलं असतं. शिक्का द्यायला कोणी तोंड वाकडं केलं तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

ड्रोन वापरणार असाल तर आधी डिजिटल स्काय नकाशा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा, उघडून बघा. देवळाली, ओझर, गांधीनगर इथल्या लष्करी तळांमुळे आणि धावपट्ट्यांमुळे नाशिकच्या आकाशात बंधनं भरपूर आहेत, आणि पुरातत्त्वाची परवानगी ही उड्डाणाची परवानगी नसते. शिवाय 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. गोदाघाट आणि त्र्यंबकची कामं त्याआधी किंवा त्यानंतर धरा. त्या काळात पोलिसांपासून महापालिकेपर्यंत कोणाकडेही तुमच्या अर्जासाठी माणूस नसेल. वेळापत्रकात तेवढे महिने सिन्नर, झोडगे किंवा ग्रंथालयातल्या कामाला द्या आणि ते प्रस्तावातच लिहा.