"सर, लूप कन्व्हर्जच होत नाहीये!"

केमिकलच्या मुलांना ऑनलाइन सिम्युलेशन शिकवताना हे वाक्य दर बॅचला ऐकू येतं आणि पाठोपाठ "सॉफ्टवेअर गंडलंय बहुतेक" हेही येतंच. आम्ही डीडब्ल्यूसिम वापरतो, केमिकल प्लांट कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, शिवाय आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात मुलांनीच केलेल्या फ्लोशीट, म्हणजे प्लांटचे नकाशे, सगळ्यांना बघायला ठेवल्यात. पण लूप, म्हणजे परत फिरणाऱ्या गॅसचा हिशेब, अडकला की मी ते बंद करायला लावतो आणि गुगल शीट उघडतो.

अमोनियाचं उदाहरण घेऊ, आपल्या अलिबागजवळ थळला बनतो तोच. नायट्रोजन-हायड्रोजन रिॲक्टरमधून एकदा गेले की समजा चौथा हिस्साच अमोनिया होतो, तो बाजूला काढून उरलेला गॅस परत फिरवायचा. ताजा गॅस 100 मोल (मोल म्हणजे गॅस मोजायचं माप). परत किती येणार? ते कळायला आत किती गेला ते हवं, आणि आत किती गेला ते कळायला परत किती आला ते हवं! म्हणून सिम्युलेटर आधी अंदाज धरतो, शून्य. पहिल्या सेलमध्ये 0 टाका, खाली 0.75 गुणिले (100 अधिक वरचा सेल), आणि फॉर्म्युला खाली ओढा. 75, 131.25, 173.4... विसाव्या फेरीला 299, मग 300 वर ठाण मांडतो. कन्व्हर्ज होणं म्हणतात ते हेच.

आता ताज्या गॅससोबत 1 मोल आरगॉन येऊ द्या. तो कशाशीच रिॲक्ट होत नाही, अमोनियात विरघळतो तो थोडासा सोडून द्या, म्हणजे त्याला बाहेर पडायला वाटच नाही. त्याच्या कॉलममध्ये 1, 2, 3, 4, कितीही ओढा थांबतच नाही. सॉफ्टवेअर बरोबर सांगतंय, खऱ्या प्लांटमध्येही आरगॉन असाच साचत जाईल.

"एआय सगळं डिझाइन करणार, हे शिकून काय उपयोग" असं मुलांना सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण आकडे कुणीही काढले तरी आत आलेला मोल कुठेतरी जायलाच हवा.

उपाय म्हणजे पर्ज, परतीच्या गॅसमधला थोडा सतत बाहेर सोडायचा. 5 टक्के सोडला की परतीचा आरगॉन 19 मोलवर थांबतो, पण सोबत 13 मोल चांगला गॅसही जातो. 2 टक्केच सोडला तर गॅस जातो जेमतेम 6 मोल, पण आरगॉन 49 वर चढतो, रिॲक्शन मंदावते आणि कॉम्प्रेसर तो उगाच फिरवत बसतो. म्हणून बऱ्याच प्लांटमध्ये पर्जमधला हायड्रोजन वेगळा काढून परत लूपमध्ये घेतात, आणि पुढच्या तासाला मुलं फ्लोशीटमध्ये तेच युनिट जोडतात.