परदेशी कोर्टाचा ताब्याचा आदेश : आमच्याकडे येण्यापूर्वी एवढं वाचा

मुलाच्या ताब्याचा आदेश अमेरिकेतल्या कोर्टाचा आणि मूल इकडे पुण्यात आजोळी, अशा प्रकरणांचे कागद आमच्याकडे भाषांतरासाठी घेऊन येणारे बहुतेक जण म्हणतात, "यावर अपॉस्टिल करून द्या." अपॉस्टिल म्हणजे कागदावरचा सही-शिक्का खरा असल्याचं, दुसऱ्या देशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र. परदेशी कागदावर ते भारतात कोणालाच करता येत नाही. कागद ज्या देशाचा, अपॉस्टिल त्याच देशाचं. आदेश कॅलिफोर्नियाचा असेल तर आधी त्या कोर्टाच्या क्लार्ककडून प्रमाणित प्रत काढावी लागते आणि ती तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे द्यावी लागते. इंग्लंडचा असेल तर तिथल्या परराष्ट्र खात्याकडे. विमानात बसण्याआधी हे उरकलं नाही, तर कागद उलटे पाठवण्यात आठवडे जातात. तोवर मूल इथल्या शाळेत रुळतं, आणि कोर्ट तेही पाहतं.

दुसरा गैरसमज याहून जड आहे. "भारत हेग करारात आहे ना?" असं विचारतात. अपॉस्टिलच्या १९६१च्या करारात आहे, २००५पासून. एका पालकाने परदेशात नेलेलं मूल परत पाठवण्याचा हेग करार वेगळा, १९८०चा. त्यात भारत नाही. त्यात जाण्यासाठी २०१६मध्ये विधेयकाचा मसुदा निघाला, विधी आयोगाचा २६३वा अहवाल आला, २०१८मध्ये न्या. राजेश बिंदल समितीनेही अहवाल दिला. पण छळाला कंटाळून मुलासह माहेरी आलेल्या बाईचं काय, हा प्रश्न सुटलेला नाही, आणि तो खरा प्रश्न आहे.

म्हणून अपॉस्टिल दाखवलं की पोलीस मूल हाती देतील, अशी आशा धरू नका. अपॉस्टिल फक्त सही-शिक्का खरा असल्याचं सांगतं. पुढची वाट उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा अशा याचिकेची. परदेशी आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, मुलाचं हित आधी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितलं. त्याच न्यायालयाने २०२०मध्ये एका आईला मुलीसह अमेरिकेला परतायला लावलं. तुमचं प्रकरण कुठे बसतं ते वकीलच सांगतील. आम्ही तो सल्ला देत नाही.

मुलाच्या पासपोर्टची मुदतही बघून ठेवा. सोळा वर्षांखालच्या मुलाचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि नव्यासाठी दोन्ही पालकांची संमती लागते. जो पालक हजर राहणार नाही, त्याचा नोटरी केलेला संमतीचा फॉर्म नोटरी झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यावा लागतो. भांडण चिघळल्यावर ही सही मिळवणं फार कठीण जातं.

मोबाइलवरच्या फोटोवरून आम्ही भाषांतर करत नाही, यावर काही जण नाराज होतात. पण शिक्का अर्धवट दिसला किंवा मधलं एक पान सुटलं, तर समोरचा वकील त्यावरच बोट ठेवतो. आम्ही प्रमाणित प्रतीवरून काम करतो, शिक्के आणि समासातल्या नोंदींसकट. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयातले मराठी कागद तिकडच्या कोर्टासाठी इंग्रजीत हवे असतील, तेही करून देतो. मूळ कागद एकदा दाखवून न्या; काय कमी आहे हे सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही.