शड्डूला चित्र नाही: खेळाडूंच्या इमोजींची पार्श्वभूमी

पहाटे यवतेश्वरच्या घाटात पळायला जाणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. २०१२ साली सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि मग पेठेपेठेत असे ग्रुप उभे राहिले. घाट चढून आल्यावर कुणी वाक्यं लिहीत बसत नाही. दम लागलेला असतो, बोटं घामेजलेली असतात. ज्याचं अंतर मनासारखं झालं तो वळलेला दंड टाकतो. ज्याचा गुडघा बोलायला लागलाय तो नुसते जोडलेले हात टाकतो. बाकीच्यांना काय ते कळतं आणि कुणीतरी संध्याकाळी फोन करून विचारपूस करतो.

ही चित्रं आपल्याकडं आली जपानहून. १९९९ साली तिथल्या डोकोमो या मोबाइल कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ इमोजी तयार केले. प्रत्येक चित्र १२ बाय १२ ठिपक्यांत बसवलेलं. त्यात बेसबॉल होता, गोल्फ, टेनिस, फुटबॉल, बास्केटबॉल होतं. म्हणजे खेळाची साधनं होती, खेळणारा माणूस नव्हता. २०१० मध्ये युनिकोडनं, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवरची अक्षरं-चिन्हं ठरवणाऱ्या संस्थेनं, इमोजी आपल्या प्रमाणसंचात घेतले आणि एका कंपनीच्या फोनवरचं चित्र दुसरीच्या फोनवर उमटायची सोय झाली. पळणारा, पोहणारा, वळलेला दंड, जोडलेले हात हे सगळे तेव्हाचे. क्रिकेटची बॅट आली २०१५ मध्ये, त्याच वर्षी धनुष्यबाणही. कुस्ती आणि सोनं-चांदी-ब्राँझ अशी तीन वेगळी पदकं आली २०१६ मध्ये. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून ब्राँझ आणलं ते १९५२ साली, त्या पदकाच्या चित्राच्या ६४ वर्षं आधी. कराडकरांनी तेव्हा शंभरावर बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली होती. भावना पोचवायची गावाची ती रीत होती.

चित्र फोनात असणं वेगळं आणि माण तालुक्यातल्या वाडीवर पोचणं वेगळं. ते काम स्वस्त डेटानं केलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सॲपवर आजच्यासारखं स्टेटस आलं आणि तालमीतल्या पोरांना आपल्या मनातलं मांडायला चोवीस तासांची भिंत मिळाली.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण ती मला फार जवळची वाटते. १५ ऑगस्ट २०१६. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी धावली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय. दुष्काळी मुलखातल्या लोकांनी त्या दिवशी फोन हातात घेतला तेव्हा बहुतेक फोनांवर पळणारा होता तो पुरुष. पळणारी बाई नव्हतीच! ती त्याच वर्षाच्या अखेरीस आली, आणि कशी आली ते मराठी माणसानं मुद्दाम बघावं. तिच्यासाठी नवं चिन्ह घडवलंच नाही. पळणाऱ्याचं चिन्ह, पुढं स्त्रीचं चिन्ह आणि दोहोंच्या मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह, अशी ती बनते. हे जोडचिन्ह आपल्या ओळखीचं आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक संगणकावर दाखवायला, तो अर्धा र लिहायला, मराठीत हेच जोडचिन्ह पुष्कळदा वापरलं गेलं. माणच्या पोरी आज स्टेटसला जी पळणारी मुलगी ठेवतात, तिच्या पोटात आपल्या अर्ध्या र चा सांधा आहे.

कुस्तीचं चित्र मात्र आपलं नाही. त्यातले दोन गडी मॅटवरचा पोशाख घालून एकमेकांना भिडलेत. लाल माती नाही, लंगोट नाही, हलगी नाही. कुंडलच्या मैदानात जोड लागते तेव्हा पैलवान आधी वाकतो, चिमूटभर माती उचलून कपाळाला लावतो, थोडी समोरच्याच्या अंगावर टाकतो आणि मग शड्डू ठोकतो. त्या आवाजात भीती, रग, वस्तादांची आठवण, सगळं एकदम असतं. शड्डूला इमोजी नाही. म्हणून सांगली भागातली पोरं जोडलेले हात आणि वळलेला दंड लागोपाठ टाकतात. आधी मातीला नमस्कार, मग शड्डू. जपानमध्ये जोडलेले हात म्हणजे ‘कृपा करा’ किंवा ‘आभार’. काही देशांत लोक ती दोघांनी दिलेली टाळीही समजतात. आपल्याकडं असा घोटाळा व्हायचं कारण नाही. हरलेला पैलवान मात्र दंड गाळतो आणि हात तेवढे ठेवतो. ते वाचताना मला दर वेळी गलबलून येतं.

सातारच्या तिरंदाजांचीही अशीच अडचण. अदिती स्वामीनं ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला अवघ्या सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं, अंतिम लढतीत १५० पैकी १४९ गुण घेऊन. कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, नेम धरायला भिंग असतं. इमोजीतलं धनुष्य रामायणातल्या चित्रात शोभेल असं साधं आहे. ‘नेम बसला’ म्हणून सगळे जे गोल लक्ष्य टाकतात, ते तर डार्टचं, आणि बहुतेक फोनांवर लाल-पांढरं. तिरंदाजीच्या लक्ष्याचा मध्य पिवळा असतो. ज्यांनी त्या पिवळ्यासाठी हजारो बाण सोडलेत, त्यांना हे खटकत असणार असं मला वाटतं. तरी ते तेच चित्र टाकतात, दुसरं आहे कुठं?

क्रिकेटवाल्यांना इतकी ओढाताण नाही. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा माझ्या फोनातल्या सगळ्या सांगलीकरांच्या स्टेटसला निळा बदाम होता, कारण स्मृती मानधना सांगलीत वाढलेली.

बकऱ्याचं तेवढं सांगायला हवं. ‘सर्वकाळातला सर्वश्रेष्ठ’ याची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की ‘गोट’ होतं, म्हणजे बकरा, म्हणून थोर खेळाडूच्या फोटोखाली पोरं बकऱ्याचं चित्र टाकतात. मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांच्या पत्नी लॉनी यांनी १९९२ मध्ये त्याच आद्याक्षरांची कंपनी काढली होती. आमच्या ओळखीच्या एका वस्तादांनी पठ्ठ्याच्या फोटोखाली बकरा पाहिला आणि ‘पोराला बकरा केला का कुणी?’ म्हणून काळजीनं फोन लावला. मराठीत बकऱ्याचं नशीब वेगळं, त्यांचं काय चुकलं?

कबड्डी आणि खो-खोला आजही स्वतःचं चित्र नाही. नवं इमोजी हवं तर युनिकोडकडं कुणीही प्रस्ताव पाठवू शकतो, पण त्याचा वापर जगात भरपूर होईल याचे पुरावे जोडावे लागतात, आणि आपले खेळ तिथं मागं पडतात. कबड्डीची पोरं वाघ, आग नाहीतर कुस्तीचेच गडी टाकून भागवतात. खो-खोच्या मुलींनी मात्र वाट काढली आहे. ललिता बाबरही आधी खो-खोच खेळायची. परवा आमच्या शेजारच्या शाळकरी मुलीनं सामना जिंकल्यावर आईला मेसेज पाठवला, त्यात अक्षर एकही नव्हतं. आधी उघडा तळहात, मग पळणारी मुलगी. आईनं मला फोन दाखवला आणि म्हणाली, ‘‘खो दिला बघा तिनं.’’