बाटली उघडण्याआधी: आगळ, सरबत आणि सणाची पेयं

गेल्या चैत्रात पुण्याहून एका बाईंचा फोन आला. हळदीकुंकवाला पन्नासेक बायका येणार म्हणून त्यांनी आमच्या आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारट रसाच्या, दोन बाटल्या सरबत समजून थंड पाण्यात ओतल्या, वर साखर घातली, आणि पहिल्याच घोटाला पाहुणीचं तोंड वाकडं झालं. "तुमचं सरबत खारट आहे," अशी तक्रार होती. सरबत खारट नव्हतं, कारण ते सरबतच नव्हतं. पण निम्मी चूक आमचीही होती. आगळाची आणि सरबताची बाटली सारखीच, आतला रंग जवळजवळ सारखा आणि लेबलावरचं अक्षर मुंगीएवढं. लेबल आता मोठं केलंय. शिवाय प्रत्येक खोक्यात हे पत्रक घालतो. एकदा वाचा आणि फ्रिजच्या दाराला चिकटवून ठेवा.

रातांबा एक, वस्तू तीन

आमचा छोटा घरगुती कारखाना कुडाळ तालुक्यात आहे. इकडे रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, एप्रिलपासून पिकायला लागतो आणि पावसाने जोर धरला की हंगाम संपला. कोकमाच्या आखलेल्या बागा कमीच. झाडं परड्यात, कुंपणाला, व्हाळाच्या काठाला उभी असतात, त्यामुळे माल वाडीतल्या घराघरांतून टोपल्यांनी येतो. फळ फोडून बी आणि गर काढला की सालं उरतात. त्या सालांचं पुढे काय केलं, त्यावरून नाव ठरतं.

सालं मिठात मुरवून सुटलेला रस म्हणजे आगळ. किलोभर सालांना आम्ही दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ घालतो, रोज ढवळतो आणि आठवड्याने गाळतो. तेच मीठ आगळ वर्षभर टिकवतं.

एक भाग साल आणि दोन भाग साखर असे थर लावून मुरवलं की सुटतो तो पाक म्हणजे अमृत कोकम. सगळे ज्याला कोकम सरबत म्हणतात, ते हेच.

साल खारवलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी पुटं दिली की आमसूल होतं. आमच्याकडे त्याला सोल म्हणतात. सोलकढी हे नाव त्यावरूनच पडलं.

बियाही वाया जात नाहीत. त्यांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, निघतं, पण ते पायाच्या भेगांना लावायचं, प्यायचं नाही. (हेही एकाने विचारलं होतं.)

रंगाबद्दल

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून काही गिऱ्हाइकांना वाटतं की अस्सल कोकम म्हणजे गडद लाल. मानांकन जागेचं आहे, रंगाचं नाही. कोकमाचा रंग लाल कोबीच्या रंगाच्या कुळातला आहे. ऊन आणि उष्णता लागली की तो फिका होतो आणि तपकिरीकडे झुकतो. मे महिन्यात भरलेली बाटली फेब्रुवारीत तितकी लाल दिसणार नाही. चव मात्र तीच राहते. आम्ही वरून रंग घालत नाही, त्यामुळे "रंग उतरला" या कारणासाठी बाटली परत घेत नाही. बाटली खिडकीत किंवा गॅसजवळ ठेवू नका, एवढंच सांगणं.

गणपतीची सोलकढी

सर्वांत जास्त फोन हिच्यासाठी येतात, म्हणून हिला जागाही जास्त.

दहा माणसांना दोन मोठे नारळ लागतील. खोबरं खवून कोमट पाण्यात वाटा आणि पंच्यातून घट्ट पिळा. चोथा पुन्हा वाटून दुसरं दूध काढा. दोन्ही दुधं मिळून साधारण दीड लिटर व्हायला हवं. तिसऱ्यांदा पिळण्याचा मोह टाळा, नुसतं पांढरं पाणी येतं. आता सहा मोठे चमचे आगळ थोडं थोडं घाला, ढवळा, चाखा. हवं तर आणखी एखादा चमचा. मीठ मात्र चाखल्याशिवाय अजिबात घालू नका, कारण ते आगळात आहेच. ठेचलेली हिरवी मिरची, किंचित जिरं आणि वर कोथिंबीर घातली की झालं.

नैवेद्याच्या पानावर वाढायची असेल तर लसूण नाही. ज्यांच्याकडे गौरीला तिखटाचं जेवण असतं, त्यांना दोन-तीन पाकळ्या ठेचून घातल्याशिवाय ती सोलकढी वाटणारच नाही. ज्याच्या त्याच्या घरची रीत.

कढी हे नाव ऐकून ती गॅसवर ठेवू नका. आंबट आणि नारळाचं दूध एकत्र तापलं की फुटतं. जेवणाआधी तासभर करा आणि चार-पाच तासांत संपवा, नारळाचं दूध लवकर आंबतं. फ्रिजमध्ये फार वेळ राहिली तर वर खोबऱ्याची चरबी गोठते. तशी झाली तर बाहेर काढून थोडा वेळ ठेवा आणि ढवळा. रंग फिका गुलाबी यायला हवा. बिटासारखी गर्द सोलकढी हॉटेलात दिसते, तिच्यात बहुतेक वेळा बीटच असतं.

नारळ मिळाला नाही तर आगळ पाण्यात घाला आणि हिंग, जिरं, मिरची लावा. गोव्याकडे हिला फुटी कढी म्हणतात. मोदकांवर ताव मारल्यावर खरं तर हीच बरी वाटते, असं माझं मत. घरातल्या बाकीच्यांना ते मान्य नाही.

सरबत: हळदीकुंकू, शिमगा, उपास

एक भाग सरबत, चार भाग थंड पाणी, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि कणभर मीठ. आमच्या बाटलीत जिरंही नाही आणि मीठही नाही. ते मुद्दाम, कारण उपासाला अनेकांना फक्त सैंधव चालतं. असा नेम असेल तर आगळ आणि आमसूल टाळा, दोन्हींत साधं मीठ असतं.

हिशेब असा: 700 मिलिच्या दोन बाटल्यांत पाणी घालून सात लिटर होतं, म्हणजे 150 मिलिचे सेहेचाळीस पेले. पन्नास बायका येणार असतील तर तिसरी बाटली हाताशी ठेवा. बर्फ पेल्यात घाला, पातेल्यात नको, नाहीतर शेवटच्या पाहुणीला पाणीच मिळतं.

शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा नवा रातांबा झाडावर अजून हिरवाच असतो. त्या उन्हात जे सरबत वाढतो ते मागच्या मे महिन्यातलं. म्हणून गणपतीच्या सामानातच शिमग्यासाठी एक बाटली बाजूला काढून ठेवा. मार्चमध्ये आमच्याकडे बहुधा काही शिल्लक नसतं.

मधुमेह असलेल्यांनी लक्षात घ्यावं की सरबतात सर्वांत जास्त साखरच आहे. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी आगळाबाबत तेवढीच काळजी घ्यावी. कोकमाने वजन उतरतं असं आम्ही कुठेही छापत नाही.

पन्हं आम्ही का विकत नाही

दर वर्षी विचारणा होते. गुळाचं पन्हं टिकाऊ औषधाशिवाय बाटलीत भरलं की आंबतं आणि एके दिवशी झाकण उडतं. औषध घालायचं आमच्या मनात नाही. त्यात पन्हं घरी करणं सोपं आहे. पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत बाजारात कैरी असतेच. रायवळ घ्या, तिला आंबटपणा चांगला असतो. कैऱ्या उकडून गर काढा. वाटीभर गराला दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ घाला, मग वेलची, मीठ आणि असेल तर केशर. हे मिश्रण फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. लागेल तसं पाणी घालायचं.

एक सूचना पन्ह्यालाही लागू आणि कोकमालाही: तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात किंवा अॅल्युमिनियमच्या पातेल्यात काहीही आंबट ठेवू नका. स्टील, काच किंवा चिनी मातीची बरणी वापरा.

कोजागरीला

कोकम आणि दूध एका पेल्यात नको, दूध नासतं. पण ज्या माडा-पोफळीच्या बागांतून आमच्याकडे नारळ येतात, तिथेच जायफळाची झाडं आहेत. हंगामात अख्खं जायफळ आणि जायपत्री खोक्यात मागवता येते. लिटरभर दूध आटवून पाऊण करा आणि जायफळ किसणीवर चार-पाच वेळाच फिरवा. जास्त झालं तर दूध कडवट लागतं.

घेऊन जाताना

सणाला गावी येऊन परत जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी: सोलकढी करून बाटलीत भरून नेऊ नका, मुंबईला पोचेपर्यंत ती आंबते. आगळ न्या, नारळ तिकडे खवा. गाडीत बाटली उभी ठेवा आणि झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून घट्ट करा. आगळाचा डाग पांढऱ्या शर्टावरून सहजी जात नाही. घरी बाटली उघडली की आत ओला चमचा घालू नका. आगळावर पांढरी साय दिसली तर ती काढून वापरत बसू नका. आम्हाला फोटो पाठवा, बाटली बदलून देऊ.